लग्नाची पहिली ऑर्डर: सामान, सेटिंग्ज आणि दिवसभराचा क्रम

कॅमेरा हाताळता येतो, अ‍ॅपर्चर-शटर-आयएसओचं गणित जमलंय, आणि आता कुणीतरी लग्नाचे फोटो काढायला बोलावलंय, अशा टप्प्यावर असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लग्नाच्या कामाची मोठी अडचण ही की तिथे काहीही पुन्हा घडत नाही. कार्ड बिघडलं, फ्लॅश पेटला नाही, मध्येच कुणी आडवं आलं, तरी विधी पुढे सरकतो. म्हणून खाली प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न मनात ठेवून लिहिलंय: हे ऐनवेळी बंद पडलं, तर हातात दुसरं काय आहे?

१. आधी बोलणं, मग लेखी करार

तारीख ठरली की नवरा-नवरी दोघांशी, आणि जमल्यास दोन्ही घरांतल्या एकेका जबाबदार माणसाशी, निवांत बोला. या बैठकीत पुढच्या गोष्टी लिहून घ्या:

- दिवसाचं वेळापत्रक: तयारी कुठे, किती वाजता; मुख्य विधी किती वाजता; संध्याकाळचा कार्यक्रम कधी संपणार
- न चुकता हवेत असे क्षण आणि माणसं (वयस्कर आजी-आजोबा, लांबून येणारे नातेवाईक)
- ग्रुप फोटोंची यादी, नावांसह
- घरातल्या नाजूक गोष्टी: कुणाचं नुकतंच निधन झालंय का, कुणाला शेजारी शेजारी उभं करायचं नाही का
- दोन्ही बाजूंनी एकेक माणूस, ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने ओळखता येतात, आणि त्याचा फोन नंबर

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि ग्रुप फोटोच्या वेळी अडकतात. तुम्हाला मावशी कोण आणि आत्या कोण हे कळणार नाही, आणि नवरा-नवरीला त्या वेळी विचारत बसणं बरं नाही.

कराराशिवाय काम घेऊ नका, मग ते मित्राचं का असेना. करार दोन पानांचा पुरे. त्यात कामाचे तास, जादा तासांचा दर, आगाऊ रक्कम आणि उरलेली कधी द्यायची, साधारण किती फोटो मिळतील, किती दिवसांत मिळतील, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) दिल्या जातील की नाही, फोटो तुम्ही स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता का, तारीख बदलली किंवा रद्द झाली तर काय, आणि तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण येणार, एवढं स्पष्ट असावं. शेवटच्या कलमासाठी खरोखरच एक बदली फोटोग्राफर आधी विचारून ठेवा. नुसतं कलम लिहून भागत नाही.

२. जागा बघून या, आणि त्याच वेळेला

विधी सकाळी अकराला असेल तर जागा सकाळी अकराला बघा. संध्याकाळी पाहिलेल्या हॉलचा सकाळच्या उजेडाशी काही संबंध नसतो. सोबत कॅमेरा न्या आणि हे तपासा:

छताचा रंग आणि उंची. तीन-चार मीटर उंचीचं पांढरं छत मिळालं तर फ्लॅशचं निम्मं काम झालं. काळं, लाकडी किंवा फार उंच छत असेल तर फ्लॅश वर मारून काही परत येणार नाही. लाकडावरून आला तर पिवळा-तपकिरी येईल.

नवरा-नवरीच्या मागे काय आहे. मागे मोठी खिडकी असेल तर चेहरे काळे पडतील. अशा वेळी बसण्याची जागा थोडी फिरवता येईल का, हे आधी विचारलं तर जमून जातं. ऐन दिवशी कुणी ऐकत नाही.

दिव्यांची लुकलुक. एलईडी आणि ट्यूबलाइट वीजप्रवाहाच्या लयीत कमी-जास्त होतात. ५० हर्ट्झच्या विजेवर हा चढउतार सेकंदाला १०० वेळा होतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो: फोटोत आडवे काळे पट्टे येतात किंवा सलग फोटोंचा रंग बदलत जातो. तिथे उभं राहून १/५०० वर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही शटरने आठ-दहा फोटो काढून बघा. पट्टे दिसले तर ५० हर्ट्झला १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झला १/१२५ किंवा १/६० या वेगांवर काम करायचं, अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवायचं आणि सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर विसरायचं. बहुतेक सेन्सरमधून इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने सावकाश वाचतं, म्हणून त्यात पट्टे जास्त येतात. डिमरने मंद केलेल्या काही एलईडींची लुकलुक या आकड्यांत बसत नाही. तिथे शटर बारीक बारीक बदलून पट्टे कधी जातात ते पाहावं लागतं.

फ्लॅशला परवानगी आहे का, विधीच्या वेळी किती जवळ जाता येतं, कुठल्या बाजूने फिरायचं नाही, हेही जागा सांभाळणाऱ्यांच्या आणि विधी करणाऱ्यांच्या तोंडून ऐकून घ्या. पाऊस आला तर ग्रुप फोटो कुठे, याचं उत्तर तिथून निघण्याआधी तुमच्याकडे असलं पाहिजे.

३. बॅगेत काय हवं

दोन बॉडी. यात तडजोड नाही. दुसरी विकत घेणं शक्य नसेल तर भाड्याने घ्या, पण त्याच कंपनीची, त्याच माउंटची (लेन्स बसवायच्या जोडणीची) घ्या म्हणजे लेन्स, बॅटरी, फ्लॅश दोन्हीकडे चालतील. भाड्याचं सामान किमान एक दिवस आधी घरी आणून प्रत्येक बटण तपासा. बॉडीला दोन कार्डांचे स्लॉट असतील तर रेकॉर्डिंग 'बॅकअप'वर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर जातो. पहिलं भरल्यावर दुसरं सुरू होणारी 'ओव्हरफ्लो' सेटिंग लग्नात कामाची नाही.

लेन्सच्या बाबतीत नवखे लोक फार गोंधळतात आणि सहा-सात लेन्स घेऊन जातात. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) तीन पुरतात: २४–७० एफ/२.८, ७०–२०० एफ/२.८, आणि कमी उजेडासाठी ३५ किंवा ८५ मिमीची एफ/१.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स). एपीएस-सी या लहान सेन्सरवर २४–७०च्या जागी १७–५५च्या आसपासची लेन्स लागते, कारण दृश्य साधारण दीडपट आवळतं. दागिने, अंगठ्या यांसाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो असेल तर उत्तम; नसेल तर एक्स्टेंशन ट्यूबवर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायच्या पोकळ नळीवर) भागतं. एका बॉडीवर रुंद झूम, दुसऱ्या बॉडीवर लांब झूम लावून दोन्ही अंगावर अडकवा. त्यामुळे लेन्स बदलण्यात क्षण जात नाही आणि सेन्सरवर धूळही कमी बसते.

बाकीचं सामान:

- फ्लॅश तीन: एक कॅमेऱ्यावर, एक स्टँडवर, एक राखीव, सोबत रेडिओ ट्रिगर (लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून पेटवणारं यंत्र)
- दोन लाइट स्टँड आणि ते आडवे होऊ नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या
- प्रत्येक बॉडीला किमान तीन बॅटऱ्या. मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी डीएसएलआरपेक्षा बरीच लवकर उतरते
- फ्लॅश सेलवर चालत असेल तर एनआयएमएच रिचार्जेबल सेल, प्रत्येक फ्लॅशला चार-चारचे तीन संच. संचांवर खुणा करा; जुने-नवे सेल एकत्र टाकले की सगळ्यात कमकुवत सेल सगळ्यांना खाली ओढतो
- ६४ जीबीची सहा ते आठ कार्डं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५ ते ३० एमबीची धरली तर एका कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात. एकाच प्रचंड कार्डावर पूर्ण दिवस ठेवू नका
- नारिंगी सीटीओ जिलेटिन (फ्लॅशचा उजेड पिवळसर करणारा पारदर्शक पापुद्रा), अर्ध्या आणि पूर्ण गडदपणाचं
- मायक्रोफायबर कापड, ब्लोअर, गॅफर टेप, सेफ्टी पिना, छोटी कात्री
- पाण्याची बाटली, सुका खाऊ, आवाज न करणारे, मऊ तळव्यांचे बूट

कागदांत कराराची प्रत, वेळापत्रक, ग्रुप फोटोंची यादी, संपर्कातल्या माणसांचे नंबर आणि जागेची परवानगी लागत असेल तर ती, हे सगळं छापून खिशात. फोन बंद पडू शकतो.

४. आदल्या रात्रीची सेटिंग्ज

दोन्ही बॉडींची घड्याळं एकाच फोनवर बघून सेकंदापर्यंत जुळवा. हे विसरलात तर संगणकावर फोटो वेळेनुसार लावताना विधीचा क्रम विस्कटतो. खबरदारी म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोनच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवा; फरक राहिलाच तर त्यावरून नंतर एका बॉडीच्या वेळा एकदम सरकवता येतात.

मग: रॉ चालू, कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट, फोकस सलग मोडवर आणि डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू, फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्यावर, आधीच्या कामातलं काही विचित्र सेटिंग राहिलंय का ते पाहणं. एक मोड आधीच सेव्ह करून ठेवा: मॅन्युअलमध्ये अ‍ॅपर्चर आणि शटर तुमच्या हातात, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४०० किंवा तुमचा कॅमेरा जिथवर पेलतो तिथवर. सावलीतून उजेडात धावत आलेल्या नवरीचा फोटो या मोडवर हमखास निघतो.

एक्स्पोजरला फसवणारी गोष्ट म्हणजे कपडे. फ्रेममध्ये पांढरा पोशाख जास्त असला की कॅमेरा फोटो अंधारा करतो, काळा जास्त असला की उजळ करतो. म्हणून ऑटो आयएसओवर असताना पांढऱ्यासाठी अधिक ⅔ ते १ स्टॉप आणि काळ्यासाठी उणे ⅔, असं कॉम्पेन्सेशन देण्याची सवय लावा. उजळ भाग जळाल्याचा इशारा चालू ठेवा. चेहऱ्यावर तो लुकलुकला तर लगेच खाली या. मागच्या दिव्यावर लुकलुकला तर सोडून द्या.

५. तयारीची खोली

विधीच्या किमान दोन तास आधी पोहोचा. पहिली पंधरा मिनिटं वस्तूंची: पोशाख, दागिने, पत्रिका, फुलं. एका खिडकीजवळ साध्या कापडावर मांडा आणि उजेड बाजूने येऊ द्या. दागिन्यांचा मॅक्रो फोटो एफ/२.८ वर काढला तर खड्याचा एकच कोपरा धारदार येईल. एफ/८ ते एफ/११ वर जा आणि कॅमेरा टेबलावर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवा.

माणसांच्या फोटोंसाठी खोलीतले पिवळे दिवे बंद करायला सांगा. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला तर अर्धा गाल निळा, अर्धा नारिंगी होतो, आणि हा दोष संगणकावर धड सुटत नाही. नवरीला खिडकीकडे तोंड करून किंवा ४५ अंशांत बसवा. साधारण ३५ मिमी, एफ/२, १/१६०, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. फ्रेमच्या कडा बघत जा: चार्जरच्या वायरी, प्लास्टिकच्या पिशव्या, अर्धे प्यालेले कप. फोटो काढण्याआधी ते हलवायला दहा सेकंद लागतात, नंतर मिटवायला अर्धा तास.

आरसा दिसला की त्यात नवरीचा चेहरा पकडण्याचा मोह होतोच. ऑटोफोकस मात्र कधी आरशाच्या चौकटीवर, कधी तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर जातो. फोकस बिंदू स्वतः प्रतिबिंबातल्या डोळ्यावर ठेवा.

६. मुख्य विधी

इथे सगळं काही उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. विधीतले तीन-चार महत्त्वाचे क्षण कोणत्या क्रमाने येतात, त्या वेळी कुणाचं तोंड कुठे असतं, हे विधी करणाऱ्या माणसाला पाच मिनिटं गाठून विचारून घ्या. प्रत्येक क्षणासाठी आपली जागा ठरवा आणि क्षण येण्याआधी तिथे पोहोचा. क्षण सुरू झाल्यावर पळालात तर हललेला फोटोही मिळतो आणि पाहुण्यांच्या शिव्याही.

मधल्या वाटेत किंवा जोडप्यासमोर दहा मिनिटं ठाण मांडून बसू नका. घरच्यांना ते डोळ्यांनी पाहायचंय. जा, चार-पाच फोटो काढा, वाकून बाजूला व्हा. व्हिडिओवाल्यांशी सुरुवातीलाच बोला: ते कुठे उभे राहणार, त्यांचा दिवा कोणत्या रंगाचा आहे, कुठल्या क्षणाला तुम्ही पुढे येणार. त्यांच्या दिव्याचा रंग सभागृहाच्या दिव्यांशी जुळवायला सांगितलं तर दोघांचंही काम सोपं होतं.

आकडे: हॉलच्या आत ७०–२०० वर एफ/२.८, १/२००, आयएसओ १६०० ते ६४००. चालत येणाऱ्या माणसाला १/२५० हवं, फुलं किंवा काही उधळलं जात असेल तर १/५००. लुकलुक असली तर मात्र १/१०० किंवा १/१२५ वरच राहा आणि हालचाल थांबण्याच्या क्षणाची वाट बघा. चालताना पाऊल टेकतं, हात वर जाऊन थबकतो, तेव्हा हळू शटरही पुरतं. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही, म्हणून आयएसओ वाढवायला कचरू नका.

एका बॉडीवर सतत जोडप्यावर नजर आणि दुसऱ्या, रुंद लेन्सच्या बॉडीवर अधूनमधून माणसं. अंगठी घातली जात असताना आईचा चेहरा काय म्हणतोय, हे कित्येक घरांना जोडप्याच्या फोटोइतकंच मोलाचं असतं. सोबत दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याला नेमकं हेच काम द्या, आणि तुमच्या शेजारी उभं राहू देऊ नका. दोघांनी एकाच कोनातून काढलेले फोटो म्हणजे एकाचंच काम.

७. ग्रुप फोटो

यादी वेळेच्या हिशोबाने बांधा. एका गटाला तीन मिनिटं धरली तर १५ गट म्हणजे पाऊण तास. सगळ्यात मोठा गट आधी, मग एकेक माणूस कमी करत जा. वयस्कर आणि लहान मुलं असलेले गट सुरुवातीलाच उरका. दोन्हीकडची ओळखीची माणसं पुढच्या गटाला बोलावून तयार ठेवतील.

लेन्स ५० मिमी किंवा त्याहून लांब. २४ मिमीवर कडेची माणसं ताणली जातात, आणि लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःला रुंद झालेलं पाहायला कुणालाच आवडत नाही. जागाच नसेल तर ३५च्या खाली जाऊ नका आणि कडेला थोडी मोकळी जागा सोडा.

अ‍ॅपर्चरच्या बाबतीत अंदाज करू नका, गणित पाहा. फुल-फ्रेमवर ५० मिमी, पाच मीटर अंतर: एफ/२ वर धारदार पट्टा (पुढून मागे जेवढ्या अंतरातलं सगळं स्पष्ट येतं तो) साधारण सव्वा मीटरचा मिळतो, एफ/५.६ वर पावणेचार मीटरचा. दोन ओळींना एफ/५.६, तीन-चार ओळींना एफ/८. फोकस पहिल्या ओळीवर ठेवा. चार ओळी असतील तर दुसऱ्या ओळीवर. सेन्सर ओळीला समांतर राहील असे सरळ उभे राहा, आणि जमल्यास छोट्या शिडीवर चढा. सगळ्यांची तोंडं वर होतात आणि मागची ओळ झाकली जात नाही.

किती फोटो काढायचे? डोळे मिटण्यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी गणित मांडलं, त्यासाठी त्यांना २००६चं गणिताचं इग नोबेलही (गमतीदार संशोधनाला मिळणारं पारितोषिक) मिळालं. त्यांचा व्यवहारी नियम असा: २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तितके फोटो काढले की त्यातल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची चांगली शक्यता असते. बारा जणांना चार, मंद हॉलमध्ये सहा. मोठ्या गटात हा नियम चालत नाही. तिथे दहा-बारा फोटो काढून नंतर संगणकावर एखादं डोकं दुसऱ्या फोटोतून घेऊन बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

फ्लॅश वापरत असाल तर अंतराचा हिशोब ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. फ्लॅश पहिल्या ओळीपासून दोन मीटरवर आणि मागची ओळ तीन मीटरवर असेल तर मागच्यांना निम्म्याहूनही कमी उजेड मिळतो. तोच फ्लॅश चार मीटरवर नेऊन ताकद वाढवली की मागच्या ओळीला पुढच्याच्या सुमारे ६४ टक्के उजेड मिळतो, आणि तेवढा फरक सहज खपतो. चष्म्यावर चमक आली तर फ्लॅश आणखी उंच करा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी किंचित वर उचलायला सांगा.

८. दोघांचे फोटो

वेळापत्रकात सूर्यास्ताच्या तासभर आधी दोघांसाठी २० मिनिटं राखून ठेवायला सांगा. दुपारी बाराचं ऊन असेल तर डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. इमारतीच्या किंवा झाडाच्या सलग सावलीत, सावलीच्या कडेजवळ, उजेडाकडे तोंड करून उभं करा. दाट पानांची कवडसे पडणारी सावली टाळा, आणि हिरवळीत खूप खाली बसवलं तर हनुवटीखाली हिरवट छटा येते, तीही लक्षात असू द्या.

८५ मिमी एफ/१.८ वर दोन मीटरवरून काढलात तर धारदार पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा असतो. एकटीच्या चेहऱ्याला तो पुरतो. दोघं एकाच्या मागे एक असतील तर एकाचे डोळे हमखास विरघळतात. दोघांसाठी एफ/२.८ ते एफ/४, किंवा दोघांचे चेहरे एकाच रेषेत.

"हसा" म्हणू नका. काहीतरी करायला द्या: दहा पावलं चालत या, ती काहीतरी कानात सांगेल, तो तिचा हात धरून वळेल. हातांचं काय करायचं हे लोकांना कळत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते स्पष्ट सांगा. बोटं ताठ, मुठी वळलेल्या दिसल्या तर हात झटकायला सांगा आणि परत काढा.

९. संध्याकाळ आणि फ्लॅश

इथेच बहुतेक नवखे लोक घाबरतात, म्हणून नीट समजून घ्या. फ्लॅशच्या फोटोत दोन उजेड असतात. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फ्लॅशची ताकद यांवर ठरतो. खोलीतला उजेड अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि शटरवर. म्हणजे शटर हा एकच खटका असा आहे, की तो फिरवला तर माणसं तशीच राहतात आणि मागची खोली उजळ किंवा अंधारी होते. मागे काळाकुट्ट अंधार येतोय? शटर १/२०० वरून १/६० वर आणा, चेहरे आहे तसेच राहतील आणि दिव्यांची सजावट दिसू लागेल.

शटरची वरची मर्यादा म्हणजे सिंक स्पीड, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. तो ओलांडला की फ्रेमचा काही भाग काळा येतो. हाय-स्पीड सिंकने ही मर्यादा जाते, पण फ्लॅशची ताकदही बरीच जाते, म्हणून ते भर उन्हातच वापरा.

पांढरं, कमी उंचीचं छत असेल तर फ्लॅशचं डोकं वर आणि थोडं मागे, एका खांद्याच्या दिशेने फिरवा. उजेड छत-भिंतीवरून मोठा आणि मऊ होऊन एका बाजूने येतो. या फेरीत दोन स्टॉपच्या आसपास उजेड जातो, म्हणून एफ/२.८ ते एफ/४ आणि आयएसओ ८०० ते १६०० धरा. छतच नसेल तर दोन फ्लॅश स्टँडवर, अडीच मीटर उंच, नाचाच्या जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, १/८ किंवा १/१६ ताकदीवर ठेवा आणि ट्रिगरने पेटवा. एक चेहऱ्यावर पडतो, दुसरा पाठीमागून केसांची कडा उजळतो. पूर्ण ताकदीवर एकामागून एक मारत राहिलात तर फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवायला मंद होतो, नेमका गर्दीच्या वेळी.

हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर सीटीओ जिलेटिन लावा. नाहीतर माणसं पांढरी-निळी आणि मागची खोली नारिंगी दिसते. अर्धं जिलेटिन बहुतेक ठिकाणी पुरतं. जुने टंगस्टन बल्ब असतील तर पूर्ण लावा आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास आणा.

नाचासाठी १/३०, एफ/४, आयएसओ १६००, फ्लॅश १/१६ आणि सेकंड कर्टन सिंक (फ्लॅश शटर बंद होण्याच्या अगदी आधी पेटतो). दिव्यांच्या रेषा हालचालीच्या मागे पडतात, माणूस धारदार राहतो. डीजेकडे लेझर असेल तर किरण लेन्समध्ये थेट येऊ देऊ नका. त्याने सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेषा पडू शकतात.

थंड एसी हॉलमधून दमट बाहेरच्या हवेत कॅमेरा नेताना लेन्सवर दव धरतं. बाहेरचा कार्यक्रम अर्ध्या तासावर असेल तेव्हा कॅमेरा बंद बॅगेत घालून बॅग बाहेर नेऊन ठेवा, सावकाश गरम होऊ द्या. दुसरी बॉडी तोवर आतलं काम करते.

१०. झोपण्याआधी बॅकअप

दिवसभरात कॅमेऱ्यावर एकही फोटो डिलीट करू नका. घाईत चुकीचा जातो. भरलेली कार्डं पाकिटात उलटी ठेवा, म्हणजे रिकामी कोणती ते अंधारातही कळतं, आणि ते पाकीट बॅगेत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवा. बॅग चोरीला जाऊ शकते.

घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करा. कार्डावरची फाइलसंख्या आणि डिस्कवरची फाइलसंख्या ताडून पाहा, मधल्या मधल्या दहा-वीस रॉ फाइल उघडून पाहा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम इथे तंतोतंत पाळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. क्लाउडवर चढायला वेळ लागत असेल तर एक डिस्क दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी नेऊन ठेवा.

११. निवड, रंग आणि सुपूर्त करणं

पहिल्या फेरीत नको ते काढू नका, हवे ते निवडा. काम निम्म्यावर येतं. आधी वेळेनुसार लावा, एका प्रसंगातले सारखे फोटो शेजारी ठेवून एक-दोन ठेवा. रंग प्रसंगाप्रसंगाने दुरुस्त करा: तयारीच्या खोलीतला एक फोटो नीट करून तेच व्हाइट बॅलन्स त्या खोलीतल्या सगळ्यांना लावा. म्हणूनच शूट करताना प्रत्येक खोलीत व्हाइट बॅलन्स ठरावीक केल्विनवर ठेवलेला बरा, ऑटोवर तो फोटोगणिक सरकतो. स्क्रीन कॅलिब्रेट (रंग प्रमाणानुसार जुळवलेली) केलेली नसेल तर त्वचेच्या रंगावर विसंबू नका, आणि स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. फार उजळ स्क्रीनवर बरे दिसणारे फोटो छापल्यावर अंधारे येतात.

पहिल्या तीन दिवसांत २०–२५ निवडक फोटो पाठवा, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तुम्हाला बाकीच्यांवर शांतपणे काम करता येतं. अंतिम फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत, जेपेगमध्ये, पूर्ण आकारात. अल्बमसाठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३० × ४५ सेंमीच्या छपाईला साधारण ३५४३ × ५३१५ पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा न कापलेला फोटो पुरतो. निम्मा कापलात तर पुरत नाही. पानाच्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका, आणि कडेला छपाईवाल्याने सांगितलेली कापायची जागा सोडा.

लिंक पाठवल्यावर त्यांनी सगळे फोटो उतरवून घेतल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत कार्डं फॉरमॅट करू नका. पुढची ऑर्डर लगेच असेल तर त्यासाठी दुसरी कार्डं वापरा.